दामण

माप मी नेहमीच्या टेपनंच घेतलं,
रिक्षाच्या सीटचं घेतो तसं:
नाळेपासून वराम्यापर्यंत साडेतेरा फूट,
मधे रुंदी पावणेतीन.
होडी आंब्याच्या लाकडाची, दोन ठिकाणी पत्रा मारलेला,
आणि वल्ह्यांच्या खुंट्यांपाशी लाकूड इतकं गुळगुळीत
की बोट ठेवलं तर घसरतं.

ट्रॉम्बेच्या धक्क्यावर लोक बघायला थांबले.
"जावई शीड लावतोय," कुणीतरी म्हणालं,
"तो सीटकव्हरवाला."
"इंजिन घे की, हप्त्यावर मिळतं."
तोंडात खिळे होते, म्हणून मी गप्प.

डोलकाठीला परांचीचा बांबू आणला.
त्याच्यावर कुठल्या तरी टॉवरचा पिस्ता रंग,
सात-आठ मजले चढून आलेला.
पुढच्या बांकाला भोक पाडलं,
तळाला खोबणीचा ठोकळा बसवला,
आणि बांबू उभा केला तेव्हा
घारापुरीचा डोंगर बरोबर मधोमध कापला गेला.

पहिलं शीड रेक्झिनचं. काळं, दुहेरी टाक्याचं,
कोपऱ्यांना पितळी रिंगा.
इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.
वाऱ्यात ते हललंसुद्धा नाही,
ओल्या म्हशीच्या कातड्यासारखं लोंबत राहिलं.
मग मांजरपाट. चांगुणानं ऐनाची साल उकळली,
मोठ्या टोपात कापड बुडवलं,
पूर्वी जाळी रंगवायचे तसं,
आणि तीन दिवस आमच्या भाताला सालीचा वास.

तरी होडी पुढं जाईना. शीड फुगायचं
आणि होडी खेकड्यासारखी आडवी,
थेट तिवरांत.
चिखलातले रोहित पक्षी उडायचेसुद्धा नाहीत,
चार पावलं बाजूला सरायचे,
गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं
स्कूटरला वाट देतात तसे.
कॅरमबोर्ड अर्धा कापून एका अंगाला पाण्यात उभा सोडला.
आडवं जाणं थांबलं. आता कलंडायची भीती.

आमच्या वेंगुर्ल्याकडं उलांडी लावतात,
पांगाऱ्याचा ओंडका, दोन आडव्या काठ्या.
इथले हसले: "हे काय, होडीला पोर झालं?"
चेंबूरला रस्त्यावर एक पांगारा पडला होता.
पालिकेच्या माणसाला दोनशे रुपये आणि चहा,
ओंडका रिक्षाच्या टपावर बांधून आणला.
इतकं हलकं लाकूड, की उचलताना
काहीतरी मागं राहिलंय असं वाटतं.

हे सगळं गोमाजी नाखवा बघत होते,
प्लास्टिकच्या खुर्चीतून. उजवी बाजू गेलेली,
उजवा हात मांडीवर,
दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.
दीड वर्षात होडीचं नाव काढलं नव्हतं.
वल्ही दोन, हात एक. हिशोब साधा,
घरात तो कुणी मोठ्यानं केला नाही.

शिडाला मुठीत धरायचा दोर मात्र एकच.
दामण.
मी काही समजावलं नाही.
डाव्या हातात दिला.

ओहोटी लागली होती. वारा पश्चिमेचा,
रिफायनरीचा वास घेऊन.
एकदम झोत आला, उलांडी पाण्यातून वर,
मी ओरडलो, "घट्ट धरा, घट्ट!"
आणि त्यांनी मूठ उघडली.
शीड फडफडलं, होडी खाली बसली.
मग वीतभर, आणखी वीतभर,
अंगठ्याखाली दाबत दोर पुन्हा घेतला
आणि माझ्याकडं बघितलं.
ते बघणं मी लग्नापासून ओळखतो.

न्हाव्याच्या क्रेन मोठ्या दिसायला लागल्या तिथं
वारा पडला. पार पडला.
भरती लागेपर्यंत थांबलो,
मग दीड तास मीच वल्हवलं, तळहाताला फोड.
नाखवा पुढं, पाठमोरे,
लोंबत्या शिडाचा दोर मुठीत तसाच.

धक्क्यावर चांगुणानं विचारलं,
"बाबा काय बोलले का?"
बोलले. अर्धे शब्द तोंडातच राहिले, तरी कळलं:
वरची शिवण खेचतेय.
उसवायला लागेल.